गाडीला गोधडी घालू नका!

बँकेत माझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये एक काच आहे. काच जाड आहे आणि तिला खाली पुरीएवढं अर्धगोल भोक आहे. ती बसवली तेव्हा आमचे साहेब म्हणाले होते, "आता हॉलमधला गोंगाट तुमच्यापर्यंत पोचणार नाही. चुका कमी होतील." या गोष्टीला बारा वर्षं झाली. हॉलमधला सगळा गोंगाट त्या भोकातून अगदी वेळेवर येतो. येत नाही तो फक्त गिऱ्हाइकाचा आवाज, कारण सभ्य माणूस भोकाशी बोलत नाही, तो माझ्या तोंडाकडे बघून काचेशी बोलतो. मग मी भोकातून "काय?" म्हणतो, तो काचेला "अं?" म्हणतो, आणि अशा रीतीने राष्ट्राचा आर्थिक व्यवहार पुढे सरकतो.

हे सांगायचं कारण असं, की आवाज बंद करण्याच्या शास्त्रातला सगळ्यात मोठा धडा मी या काचेकडून शिकलो. तो ज्यांनी शिकलेला नाही अशा लोकांचा एक संप्रदाय सध्या माजला आहे. मी त्यांना 'गोधडीवाले' म्हणतो. प्रस्तुत लेख त्यांच्याविरुद्ध आहे. माझा स्वभाव भांडखोर नाही, बँकेत तो परवडत नाही. पण गोधडीवाल्यांनी आमच्या मामांच्या गाडीला हात घातला, तेव्हा गप्प बसणं अशक्य झालं.

मामा म्हणजे आमच्या सौ.चे सख्खे मामा. वय ऐंशीच्या पुढे, आणि त्यांची गाडी त्यांच्याहून थोडी तरुण. गाडी एमजीए. १९५५ साली ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिची पत्र्याच्या टपाची, वरखाली होणाऱ्या काचांची 'कूपे' आली. मामांची ती कूपे. मागच्या पिढीत कुणा साहेबाकडून त्यांनी ती घेतली, आणि तेव्हापासून मामींच्या म्हणण्याप्रमाणे घरात दोन बायका आहेत.

स्पोर्ट्‌स कार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी अद्‌भुत येत असेल, तर एक गुपित सांगतो. या गाडीचं पहिलं इंजिन १४८९ सी.सी.चं, ज्याला बी-सिरीज म्हणतात त्या घराण्यातलं. त्याच घराण्यातलं तेवढ्याच सी.सी.चं इंजिन आपल्या अँबॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. ती अँबॅसेडर, जी २०१४ साली उत्तरपाड्याला बंद पडेपर्यंत मंत्र्यांना आणि टॅक्सीवाल्यांना सारख्याच निष्ठेने वाहत होती. म्हणजे एमजीए ही अँबॅसेडरची मावसबहीणच म्हणायची. फरक एवढाच की एक बहीण खात्यापित्या घरात पडली आणि दुसरी सडपातळ राहिली. एमजीएचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा. तळाला चक्क प्लायवुडच्या फळ्या. सगळी गाडी मिळून हजार किलोसुद्धा भरत नाही. इंजिनाची ताकद सत्तरेक घोड्यांची. ते सत्तर घोडे पळतात ते बग्गी हलकी आहे म्हणून. सगळं रहस्य तेवढंच.

आता हलक्या पत्र्याच्या, पासष्टी ओलांडलेल्या गाडीत आवाज येणारच. मामांच्या गाडीत तो असा यायचा, की मामा बोलले तर मामींना त्यांच्या मिशा हललेल्या दिसत, एवढंच. टप पत्र्याचा असल्यामुळे आत बसणं म्हणजे कुणीतरी डालड्याच्या डब्यात आपल्याला घालून बाहेरून डबा वाजवण्यापैकी होतं. आधी मामी ओरडून बोलत. मग खुणा करू लागल्या. मग डुलक्या काढू लागल्या. दोन-तीन वर्षांपूर्वी मामांना ऐकू कमी येऊ लागलं, कानात यंत्र आलं, आणि प्रश्न मिटायच्या ऐवजी पुरता चिघळला. ते यंत्र मामींचा आवाज वाढवतं तसा गाडीचाही वाढवतं. त्यामुळे गाडीत बसताना मामा यंत्र काढून खिशात ठेवत. शेवटी मामींनी गाडीत बसणंच सोडलं. दर रविवारी मामा एकटे चक्कर मारून येत, आणि मामींच्या सीटवर भाजीची पिशवी बसलेली असे. हे दृश्य मी पाहिलं आहे. विनोदी लेखात सांगण्यासारखं ते नाही, पण पुढचा सगळा खटाटोप त्या पिशवीमुळे झाला, म्हणून सांगितलं.

मामांचा नातू बंड्या इंजिनियर आहे. कॉम्प्युटरचा, पण इंजिनियर तो इंजिनियर. तो म्हणाला, "आजोबा, गाडी साउंडप्रूफ करू." आणि तो एका दुकानातून गुंडाळ्यांवर गुंडाळ्या घेऊन आला. एका बाजूला चिकट रबर आणि दुसऱ्या बाजूला चांदीसारखा कागद, अशी ती शीट. त्यावर घालायला आणखी एक काळं, जड, मेल्या म्हशीच्या कातड्यासारखं लोंबणारं व्हिनाइल. दुकानदाराने सांगितलं होतं, "जितकं जास्त लावाल तितकं शांत." या वाक्यात दुकानदाराचं हित आहे, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला कळतं. इंजिनियरिंगला बहुधा तो विषय नसतो. दोन रविवारांत बंड्याने तळ, टप, दारं, बोगदा, मागची डिकी असा एकही इंच उघडा ठेवला नाही. गाडीत बसल्यावर बर्फी झाल्यासारखं वाटे.

मग आम्ही चाचणीला निघालो. बंड्याने फोनवर आवाज मोजायचं ॲप लावलं. पूर्वी साठच्या वेगाला ८६ डेसिबल यायचे, आता ८४ आले. (ॲप खरं किती नि खोटं किती देव जाणे, पण दोन्ही वेळा खोटेपणा सारखाच असणार, या हिशोबाने फरक खरा धरायला हरकत नाही.) दोन डेसिबल! आणि कात्रजचा घाट चढताना गाडीला धाप लागली. मामांनी गिअर खाली घेतला आणि गाडीकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने आपण लग्नानंतर वर्षभराने मित्राच्या पोटाकडे पाहतो.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. शीटचं वजन चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास, व्हिनाइलचं पाच. लांबीरुंदी मांडली, बेरीज केली, आकडा आला ४६ किलो. म्हणजे बंड्याने गाडीत कायमचा एक शाळकरी मुलगा बसवला होता. तोही असा, की जो उतारावर ब्रेकला मदत करत नाही आणि घाटात उतरून धक्का देत नाही.

यावर गोधडीवाले म्हणतील, शांतता हवी तर वजन सोसलंच पाहिजे. त्यांच्याकडे दाखलाही तयार असतो. २०२० साली रोल्स-रॉइसची नवी घोस्ट आली, तिच्यात आवाज मारायला १०० किलोंवर माल भरला होता. कबूल. पण ती गाडी अडीच टनांच्या घरातली आहे, तिला शंभर किलो म्हणजे कोशिंबिरीतला एक दाणा. आणि पुढची गोष्ट हे लोक सांगत नाहीत. ती गाडी इतकी शांत झाली, की आत बसणाऱ्यांना चमत्कारिक वाटायला लागलं, तेव्हा खुद्द कारखान्याच्या इंजिनियरांनी मुद्दाम एक बारीकशी कुजबुज परत आत आणली! भरल्या घरात आधी सगळ्यांना गप्प बसवायचं आणि मग शांतता खायला उठते म्हणून रेडिओ लावायचा, त्यातलाच हा प्रकार.

उलट टोकाला दुसरा पंथ आहे. त्यांना मी 'आवाजभक्त' म्हणतो. हे म्हणतात, स्पोर्ट्‌स कारमध्ये आवाज कमी करणं हेच पाप. यांचं दैवत म्हणजे लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन, ज्याने जन्मभर गाड्यांतून वजन वेचून वेचून बाहेर काढलं. दुसरं दैवत १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस. तिच्या हलक्या आवृत्तीतून गालिचे, मागच्या सीटा आणि आवाज मारणारे थर काढून टाकले, आणि सगळं मिळून शंभरेक किलो वाचवले. वा! शर्यतीसाठी उत्तमच. पण मामांना शर्यत जिंकायची नाही, मामींना घेऊन वाईला जायचंय. या भक्तांपैकी एकाला मी विचारलं, "तुमच्या सौभाग्यवती बसतात का हो तुमच्या गाडीत?" ते म्हणाले, "छे हो, तिला आवड नाही." मी पुढे काही विचारलं नाही. भाजीची पिशवी मला आपोआप दिसली.

आता माझा मुद्दा. तो दोन्ही पंथांना कडू लागेल, म्हणून आकड्यांत घोळून देतो.

पहिली गोष्ट, आवाजाची बेरीज आपल्या बेरजेसारखी नसते. ८० डेसिबलचा एक आवाज आणि ७० चा दुसरा एकत्र आले तर १५० होत नाहीत, ८०.४ होतात. असं उत्तर मी परीक्षेत लिहिलं असतं तर आज काचेच्या त्या बाजूला असतो. पण याचा अर्थ नीट बघा. तुम्ही तो सत्तरवाला आवाज शीट लावून समूळ मारलात, तरी फायदा शून्य पूर्णांक चार. आधी ऐंशीवाला कोण आहे ते शोधलं पाहिजे. आमच्या बँकेतही वसुलीची पहिली नोटीस सगळ्यात मोठ्या थकबाकीदाराला जावी असा नियम आहे. प्रत्यक्षात ती लहानाला जाते, ती गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट, नुसत्या जडपणाने आवाज अडवायचा म्हटलं तर आडोसा दुप्पट जड केल्यावर फार तर ६ डेसिबल कमी होतात. आणखी ६ हवेत? पुन्हा दुप्पट. हे चक्रवाढ व्याज आहे, आणि तेसुद्धा कर्जावरचं.

तिसरी गोष्ट माझ्या काचेची. आडोशाचा शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तर उरलेले नव्याण्णव भाग पोलादाचे करा की सोन्याचे, २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. गोधडीवाला त्या नव्याण्णव भागांवर थर चढवत बसतो आणि भोकाकडे बघत नाही. भोक फुकट बुजतं ना, म्हणून त्यात त्याला राम वाटत नाही.

चौथी गोष्ट, शीट हे आवाज अडवायचं साधन नाहीच. ते पत्र्याची थरथर मारायचं औषध आहे. पत्र्यावर बोटाने टिचकी मारा. 'टण्ण' वाजला तर मधोमध पाव-तिसरा हिस्सा शीट लावा, 'ठप्प' वाजेल. 'ठप्प' वाजल्यावर आणखी लावणं म्हणजे ताप उतरलेल्याला क्रोसिन देणं. आणि प्लायवुडच्या फळीला तर 'टण्ण' करताच येत नाही. तिच्यावर बंड्याने दोन थर दिले होते!

एवढं भांडवल घेऊन मी मामांकडे गेलो. बंड्या आधी फुरंगटला, मग हेअर ड्रायर घेऊन शीट सोलायला स्वतःच बसला. मुलगा गुणी आहे. निघालेला माल रद्दीवाल्याच्या काट्यावर घातला, ४६ किलोंना दोनशे ग्रॅम कमी भरला. माझी ट्रायल बॅलन्स आयुष्यात इतकी कधी जुळली नव्हती.

मग आम्ही रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी आणली, किंमत साठ रुपये. जिथे फट दिसेल तिथे ती बाहेरून लावायची, चक्कर मारायची, एक पट्टी काढायची, पुन्हा चक्कर. पट्टी काढल्यावर जिथे आवाज वाढला, तिथे चोर. कधी वेग घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, म्हणजे इंजिनाचा आवाज कुठला आणि वारा-टायरचा कुठला ते वेगळं होतं. दोन रविवारांत इतके चोर सापडले, की पोलिसांनी आमची नेमणूक करावी. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं, त्यातून खालचा रस्ता दिसत होता. इंजिन आणि पाय यांच्या मधल्या पत्र्यातून वायरी येतात, त्या भोकांची रबरं गायब. दारांचं बीडिंग पापडासारखं कडक. फळ्यांच्या कडांना बोटभर फट. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती रबरं दगड झालेली, त्यामुळे इंजिनाची प्रत्येक थरथर थेट गाडीच्या हाडांत. आणि सायलेन्सरच्या पाइपाचा जोड फुसफुसत होता. आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी तो जोड घट्ट केला आणि म्हणाले, "साहेब, ये तो बीमारी थी. आप लोग रजाई ओढा रहे थे." मी वर खर्ची घातलेले सगळे आकडे चाचांना ठाऊक नव्हते. त्यांना त्यांची गरज पडली नाही.

आता जमाखर्च. रबरं, ग्रोमेट आणि बीडिंग : सव्वा किलो. दारांच्या, टपाच्या आणि मागच्या पत्र्याच्या फक्त मधोमध शीट : साडेसहा किलो. पायांसमोरच्या पत्र्याला, जिथे इंजिन खरोखरच नाकाशी आहे, तेवढ्या अर्ध्या चौरस मीटरलाच ते म्हशीचं कातडं, पण खाली मऊ फोम घालून, पत्र्याला न टेकवता : पावणेतीन किलो. टपाच्या अस्तरामागे आणि गालिच्याखाली पाणी न पिणारं हलकं वॉडिंग : दीड किलो. एकूण १२. वजा : फळ्यांवरचा जुना नमदा. हा कित्येक पावसाळे पिऊन कुजला होता आणि फळ्याही कुजवत होता. तो निघाला ४ किलो. निव्वळ वाढ ८ किलो. तेच ॲप, तोच रस्ता, साठचाच वेग : ७९ डेसिबल.

आवाजभक्तांनो, आता तुमच्यासाठी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेताना सेकंदाला शंभर ठोके देतं. तो झाला खर्जाचा स्वर. असल्या हलक्या उपायांनी खर्ज फारसा अडत नाही, त्याला अडवायला खरंच वजन लागतं. जातो तो वरच्या पट्टीतला कचरा, म्हणजे वाऱ्याची शीळ, फटींची सळसळ, पत्र्याची खडखड. म्हणजे तुमच्या इंजिनाचं गाणं शाबूत राहतं आणि त्यावर चाललेली कुजबुज बंद होते. गंमत अशी, की माणसाच्या बोलण्यातले स, श, क, त वगैरे जे वर्ण शब्दाला शब्दपण देतात, ते त्याच वरच्या पट्टीत असतात. म्हातारपणी कान पहिल्यांदा तीच पट्टी गमावतो. म्हणजे जो कचरा आठ किलोंत निघाला, नेमका तोच मामा आणि मामी यांच्या मध्ये बसला होता. अडतीस किलो आणखी घालून आम्ही इंजिनाचं गाणं घालवलं असतं, गाडीला दमा लावला असता, आणि मामी तरीही ऐकू आल्या नसत्या, कारण गिअरच्या दांड्याचं रबर फाटकंच राहिलं असतं.

मार्गशीर्षात मामा-मामी वाईला गेले. मामींचं ते माहेर. मागच्या चिंचोळ्या फळीवर, जिथे खरं तर फक्त छत्री बसावी, तिथे मी बसलो होतो. मीच सगळं केलं असल्यामुळे चुकलं तर शिव्या खायला कुणीतरी हवं होतं. मामांनी कानातलं यंत्र काढलं नाही. शिरवळपर्यंत कुणी बोललं नाही. इतक्या वर्षांची सवय, ती काही रबराच्या बीडिंगने जात नाही.

शिरवळच्या पुढे मामी म्हणाल्या, "अहो, तुमच्या बाजूची काच जरा वर घेता का? वारं लागतं मला."

मामांनी चटकन काच वर घेतली. मग थोड्या वेळाने म्हणाले, "वारं लागत होतं तर आजवर कधी म्हणाली का नाहीस?"

मामी समोर बघत म्हणाल्या, "म्हणत होते."

पुढे खंबाटकीचा चढ लागला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सुरेख चढली. इंजिनाचा खर्ज अगदी स्पष्ट ऐकू येत होता, पण मामा त्याच्याकडे लक्ष देत नव्हते.

तेव्हा गोधडीवाल्यांनो, गोधड्या घरी ठेवा, थंडीत लागतील. आधी भोक बघा. मीही बँकेत साहेबांकडे अर्ज दिला आहे, की काचेतलं भोक गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर घ्यावं. साहेबांनी काचेपलीकडून काहीतरी उत्तर दिलं. काय ते ऐकू आलं नाही.